व्हर्टस जीटी प्लस मॅन्युअल: चौदा महिने, १७ हजार किलोमीटर

गाडी बुक केली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "अगं, रोज हिंजवडीला जायला एवढी ताकद लागतेच कशाला?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आता एक अख्खा पावसाळा आणि दोन उन्हाळे चालवून झालेत, तेव्हा सविस्तर लिहिते.

गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस, १.५ टीएसआय म्हणजे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. ताकद १५० पीएस, टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर २५० न्यूटन-मीटर. आपल्या चाकणलाच बनते.

मनात बरीच वर्षं स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती, होती. २०२० मध्ये आरएस २४५ भारतात आली ती मोजून २०० नग. त्यातली एक सेकंड-हँड विकायला होती, चालवून पाहिली. बायपासवर काय सुटते ती गाडी! दोन दिवस झोप लागली नाही. पण १८ इंची चाकं आणि पातळ टायर घेऊन हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातून रोज दोनदा जायचं, ही कल्पनाच मला पेलवेना. रविवारी सकाळी काढायची वेगळी गाडी ठेवण्याची माझी ऐपत नाही, पार्किंगही एकच. जी घ्यायची तीच ऑफिसला, किराण्याला आणि चिपळूणला जाणार होती. म्हणून मग मी आकड्यांच्या शर्यतीतून बाहेर पडले आणि रोज काय काय करायचं आहे, ते कागदावर लिहून काढलं.

त्यात सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते हे, की ताकद किती आहे यापेक्षा ती कुठे हाताशी येते. या इंजिनाचा सगळा टॉर्क १६०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो आणि ३५०० पर्यंत तसाच टिकतो. म्हणजे इंजिन ओरडवायची गरज नाही. चांदणी चौकातून बायपासला लागताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला, की मागून येणाऱ्या ट्रकच्या वेगाला गाडी सहज भिडते. एवढ्या दोन-तीन सेकंदांची मजा मला दिवसातून दोनदा मिळते आणि त्यासाठी एकही नियम मोडावा लागत नाही. दीड हजाराच्या खाली मात्र इंजिन जरा निवांत असतं. टर्बो पेट्रोल म्हटलं की हे आलंच. तिसऱ्या गिअरमध्ये रांगायची सवय असेल तर ती मोडावी लागते. मला महिना लागला.

खरी ओळख पटली ती डिसेंबरात, चिपळूणला जाताना. उंब्रजला हायवे सोडला की पाटणपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजूला ऊस लोंबतोय. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये असा ट्रॅक्टर ओलांडायचा तर आधी एसी बंद, मग गिअर खाली, मग देवाचं नाव. इथे समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागे थांबायचं, तिसरा गिअर ठेवायचा आणि पाय दाबायचा. चाळीसचे सत्तर कधी होतात कळत नाही. समोरून येणाऱ्यांच्या बाजूला आपण असतो तो वेळच निम्म्यावर येतो. शेजारी बसलेली आई तोवर दरवाजाचं हँडल धरून बसली होती, पाटण यायच्या आत तिने ते सोडलं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रस्त्यावर मिळालं.

पुढे कुंभार्ली घाट. दुसरा आणि तिसरा, दोनच गिअर. स्टिअरिंग हलकं आहे, पण वळणात गाडी जिथे ठेवली तिथेच राहते, अंग झुकतं पण सुटत नाही. मागच्या चाकांना डिस्कऐवजी जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत, हे घेण्यापूर्वी मला खटकलं होतं. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनालाच गाडी धरू दिली, तर ब्रेकवर फार काही पडत नाही, आणि घाटात तसंच उतरायला हवं.

पावसाळ्यात मात्र पाय जपून. पुढच्या चाकांना एवढा टॉर्क, त्यात ओला रस्ता. सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरमध्ये घाई केली तर टायर जागेवर फिरतात. जुलैत ताम्हिणीत पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटले, तो टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. नवा टायर घेताना दुकानदाराने १७ इंची अलॉय दाखवले, दिसायला सुरेखच होते. मी १६ वरच थांबले. टायर २०५/५५, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि उंची त्याच्या ५५ टक्के; रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जवळजवळ ११ सेंटिमीटर उंचीचं रबर. पुण्यात ते मला अलॉयच्या रूपापेक्षा प्यारं आहे. १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समुळे सोसायटीचे स्पीडब्रेकर सरळ पार होतात, चार जण आणि सामान असेल तेव्हा तिरकी घेते.

अ‍ॅव्हरेज: हिंजवडीच्या गर्दीत १० ते ११, हायवेला ९०-९५ च्या चालीत १७-१८. हलक्या पायाने चालवताना हे इंजिन चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवतं. ते कधी बंद झाले, कधी सुरू झाले, मला अजून एकदाही जाणवलेलं नाही.

मॅन्युअलच का, असं ऑफिसात सगळे विचारतात. याच गाडीची डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची आवृत्ती, चालवून पाहिली होती, गिअर टाकण्यात ती माझ्यापेक्षा जलदच आहे. पण सव्वा तासाच्या गर्दीनंतर बायपास मोकळा मिळतो तेव्हा दुसऱ्यातून तिसरा मला माझ्या हाताने टाकायचा असतो. डावा पाय दुखतो, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी डीएसजीच घ्यावी. आईला बसता-उठताना गाडी खाली वाटते, तिच्यासाठी सीट आधी मागे सरकवून ठेवते.

डिकी ५२१ लिटरची. मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या सहा पेट्या, फणस आणि दोन बॅगा आल्या, मागची सीट पाडावी लागली नाही. ज्यांना हौसेची गाडी घरच्यांच्या गळी उतरवायची आहे, त्यांनी शोरूममध्ये आधी डिकी उघडून दाखवावी.

सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर, ऑइल तापेपर्यंत, मी २००० आरपीएमच्या वर जात नाही. टर्बोला ते मानवतं. एवढ्याशा अंतरात ऑइल तापतच नाही, म्हणून नळ स्टॉपहून भाजी घेऊन यायचं असेल तर चालतच जाते.