आठ महिने मनगटावर: स्वस्तातला फिटनेस बँड

जिमची वर्षाची फी भरून मोजून अकरा दिवस गेलेला माणूस आहे मी, त्यामुळे दीड हजाराचा हा बँड घेतला तेव्हा बायको म्हणाली हा पण ड्रॉवरमध्येच जाणार. नाही गेला. पण त्याचं श्रेय दहा हजार पावलांच्या टार्गेटला नाही हां, तो आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलाय. मी सेटिंगमध्ये जाऊन सरळ ६,००० केलं. आता रात्री साडेनऊला ५,७०० दिसले की चप्पल अडकवून सोसायटीत दोन चकरा मारून येतो, आणि मनगटावर तो थरथरला की लहान पोरासारखं बरं वाटतं, हसा खुशाल.

मोजणीत मात्र आनंदीआनंद आहे. मंडईतून दोन्ही हातात पिशव्या घेऊन चालत आलो तर हात हलत नाही म्हणून पावलं खातो, आणि कणीक मळताना मी फिरायला निघालोय असं समजतो. टीव्हीसमोर नुसता पडलो होतो तर झोपेत धरलं. पट्टा पाचव्या महिन्यात बक्कलपाशी चिरला, सर्व्हिस सेंटरवाला म्हणे पट्टा वॉरंटीत येत नाही, मग बाहेरून दीडशेचा टाकला, तो जास्त चांगला निघाला. बॅटरी आठवडाभर आरामात.

पाचपैकी साडेतीन. अर्धा पट्ट्याचा कापला.