नागपूरच्या तिन्ही ऋतूंत कॉकर स्पॅनियल : स्वभाव आणि निगा

आमच्या घरी इंग्लिश कॉकर स्पॅनियल जातीची, सोनेरी रंगाची जुई आहे. नागपूरचा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा तिने आमच्याबरोबर काढला असल्यामुळे या जातीविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल, असे मला वाटते. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले असतो. माझे मत आधीच सांगते. कुटुंबात राहण्यासाठी इतकी मायाळू जात क्वचितच सापडेल. मात्र ज्या घराला सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कुलूप असते, त्या घराने ती आणू नये.

ही मूळची शिकारी माणसाबरोबर काम करणारी जात. झुडपांत दडून बसलेले पक्षी हुंगून काढायचे आणि उडवायचे, पण बंदुकीच्या टप्प्याबाहेर जायचे नाही, हे तिचे काम होते. त्यामुळे सतत नाक जमिनीला लावून फिरणे आणि तरीही दर थोड्या वेळाने वळून आपल्या माणसाकडे पाहणे, हे दोन्ही गुण तिच्या रक्तातच आहेत. घरात याचा अर्थ असा होतो की जुई स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या मागे असते. एकटे राहणे तिला सोसत नाही. आम्ही सुरुवातीला काही मिनिटांसाठी, मग हळूहळू अधिक वेळ तिला एकटे ठेवण्याची सवय लावली, तेव्हा कुठे ती आता दुपारचे काही तास शांत राहते. राखण करणारा कुत्रा हवा असेल, तर या जातीकडून ती अपेक्षा ठेवू नये. अनोळखी माणसासमोरही ती आधी शेपूट हलवते.

स्वभाव फार हळवा असतो. आवाज चढवला की ती अंग चोरून बसते, काही पिल्ले तर जागीच लघवी करतात, आणि तो हट्ट किंवा खोडी समजून आणखी रागावले तर प्रकरण चिघळते. या जातीतील काही कुत्र्यांमध्ये आपल्याजवळची वस्तू राखण्याची वृत्तीही दिसते. जुईने मोजा पळवला की मुले तो ओढून घेत नाहीत, पनीरचा तुकडा पुढे करून मोजा सोडवून घेतात. ती जेवत असताना भांड्याजवळ कुणी जात नाही, हा नियम घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांनाही आम्ही आवर्जून सांगतो. एवढे पाळले, तर लहान मुलांच्या घरात ही जात उत्तम नांदते.

निगेविषयी सविस्तर लिहायला हवे, ते कानांविषयी. लांब, केसाळ, खाली लोंबणाऱ्या कानांमुळे आत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि त्या उबेत बुरशी वाढते. शिवाय कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाऊन मग आत वळते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारा कान आतून बिघडलेला असू शकतो. आठवड्यातून एकदा मी जुईची हनुवटी मांडीवर टेकवून घेते, डॉक्टरांनी दिलेले कान धुण्याचे औषध आत सोडते आणि कानाच्या मुळाशी बोटांनी हलके चोळते. आतून चुळचुळ असा ओला आवाज येतो. मग तिला मनसोक्त डोके झटकू द्यायचे आणि वर आलेली घाण कापसाने टिपायची. काडी कानात मुळीच घालू नये, तिने मळ उलट आत ढकलला जातो. कानाला आंबूस वास येऊ लागला किंवा तपकिरी मळ दिसला, की घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. पाण्याचे आणि जेवणाचे भांडे अरुंद तोंडाचे घेतल्याने कान बाहेर राहतात, ही साधी सोय फार उपयोगी पडली.

हे सगळे ती करू देते, कारण पिल्लू असल्यापासून रोज कान, पंजे आणि तोंड हाताळून लगेच खाऊ देण्याचा क्रम आम्ही चुकवला नाही. या जातीचा स्वभाव आणि निगा एकमेकांत अशी गुंतलेली आहेत. धरून, दाबून केलेली स्वच्छता हळव्या कुत्र्याच्या मनात बसते आणि पुढच्या वेळी तो दात दाखवतो.

केस रोज विंचरावे लागतात, विशेषतः कानांमागे आणि काखेत, कारण तिथल्या गाठींच्या बघता बघता जटा होतात. पोटाखालचे, पंजांमधले आणि कानांच्या आतल्या बाजूचे केस दर सहा ते आठ आठवड्यांनी कमी करून घ्यावेत. उन्हाळा आला म्हणून सगळे अंग मशीनने भादरून टाकण्याचा सल्ला इथे अनेकजण देतात. तो ऐकू नये. पाठीवरचे केस उन्हापासून संरक्षण देतात, आणि या जातीत एकदा भादरल्यावर ते पुष्कळदा पूर्वीसारखे न येता मऊ, पिंजल्यासारखे येतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून नवतपात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आम्ही सेमिनरी हिल्सकडची फेरी पहाटे साडेपाचलाच उरकतो. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून पाहिल्याशिवाय तिला खाली उतरवत नाही. दुपारी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पुरतो, पण पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग नसतो, तेव्हा पंखा आणि थंड फरशी बरी. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले, तर पोट आणि पाय पाण्याने भिजवत, वारा घालत थेट दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात गोचिडांचा त्रास सुरू होतो. लांब केसांत त्या लवकर दिसत नाहीत, म्हणून फिरून आल्यावर कानांची घडी, मान आणि बोटांमधली जागा चाचपावी. गोचीडतापात ताप येतो, खाणे सुटते, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येते. रक्ततपासणी लगेच करावी आणि माणसांची तापाची गोळी कधीही देऊ नये. उपचारांसाठी खासगी डॉक्टरांखेरीज १९५८ पासून चालणारे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे, हा आपल्याला मोठा आधार आहे. पाऊस सरला की वाळलेल्या गवताची कुसळे येतात. ती एकाच दिशेने आत शिरत जातात आणि पंजात किंवा कानात रुतली तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

खाण्याच्या बाबतीत ही जात अधाशी आहे आणि चटकन सुटते. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. सासूबाईंच्या पोळीच्या तुकड्याला आम्ही दिवसभराच्या मापात धरतो. सोललेल्या, बिया काढलेल्या संत्र्याच्या एखाद्या फोडीने काही बिघडत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र पूर्ण वर्ज्य.

पिल्लू घेताना आई पाहावी आणि वंशात डोळ्यांच्या पडद्याचा किंवा मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आहे का, ते विचारावे. दोन्हींसाठी डीएनए तपासण्या आहेत. अमेरिकन कॉकर ही वेगळी जात असून अमेरिकन केनेल क्लबने १९४६ मध्ये इंग्लिश कॉकरला तिच्यापासून स्वतंत्र मान्यता दिली. अमेरिकन कॉकरचे केस अधिक दाट असल्याने नागपूरसाठी मी इंग्लिशच सुचवीन. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, तेव्हा त्याआधी कुणी देऊ लागला तर तिथून परत यावे. पिल्लू दिवाळीचे फटाके आटोपल्यावर आणावे, म्हणजे लसीकरण, शी-शूची सवय आणि एकटे राहण्याचा सराव थंडीत होतो आणि पहिल्या कडक उन्हापर्यंत ते सहा-सात महिन्यांचे होते.