फोन, डोंगल, राउटर की आतलं कार्ड: सिमवरचं इंटरनेट संगणकापर्यंत कसं आणावं?

मोबाइल डेटा संगणकावर आणायच्या मुख्य वाटा चार: फोनचं टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणं), यूएसबी डोंगल (सिम घालून यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा मोडेम), सिम घालायचा राउटर आणि लॅपटॉपच्या आत बसणारं मोडेम कार्ड. निवडताना बहुतेकांची नजर खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यावर जाते. त्याआधी बघायला हवं ते वेगळंच: रेंज नेमकी कुठे येते, आणि संगणक तिथे ठेवता येतो का?

फोन एखाद-दोन दिवस भागवायला उत्तम. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा केबलने जोडलेला बरा, कारण चार्जिंग चालू राहतं आणि गर्दीच्या वायफायचा त्रास टळतो. विंडोज आणि लिनक्सवर अँड्रॉइड फोन सहसा लगेच नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो. मॅकमध्ये आरएनडीआयएसचा (अनेक अँड्रॉइड फोन केबलवरून नेट देताना वापरतात त्या पद्धतीचा) ड्रायव्हर नसतो, त्यामुळे अनेक अँड्रॉइड फोन केबलने चालत नाहीत. तिथे हॉटस्पॉटच वापरावा. रोजच्या कामाला मात्र फोन नको. तो तापतो, आणि तुम्ही बाहेर पडलात की नेटही तुमच्याबरोबर जातं.

डोंगल घेताना खरी फसगत होते ती इथे: दिसायला सारखे डोंगल आतून वेगळ्या जातींचे असतात. जुन्या पद्धतीचा डोंगल संगणकाला सिरियल पोर्ट (जुन्या डायल-अप मोडेमसारखी जोडणी) दाखवतो. त्यावर *९९# डायल करून पीपीपी जोडणी करायची. ती चालते सगळीकडे, पण ४जीचा वेग तिच्यातून पुरता बाहेर येत नाही. दुसरी जात म्हणजे स्वतःच छोटा राउटर असलेला डोंगल: लावला की नेटवर्क कार्ड दिसतं आणि १९२.१६८.८.१ सारख्या पत्त्यावर सेटिंगचं पान उघडतं. सोपा आहे, पण सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळालाच तर तो डोंगलकडेच राहतो. तिसरी जात एमबीआयएम किंवा क्यूएमआय (संगणक आणि मोडेममधल्या नव्या भाषा) बोलणारी. नेटवर्कने दिलेला आयपी यात थेट संगणकाला मिळतो आणि वेगही पुरा मिळतो. लिनक्स सर्व्हरसाठी हीच घ्यावी.

लिनक्सवर डोंगल लावला आणि सीडी ड्राइव्हच दिसली, तर तो बिघडलेला नाही. बरेच डोंगल आधी ड्रायव्हरची सीडी म्हणून समोर येतात. यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम त्यांना मोडेम बनवतो. मोडेममॅनेजर (लिनक्समध्ये मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅमने तोच पोर्ट उघडला, तर दोघांची ओढाताण होते. दोन्हींपैकी एकच ठेवा.

डोंगलची सगळ्यात नेहमीची तक्रार विजेची. यूएसबी २ पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ कडून ९००. रेंज कमी असली की मोडेम जोर लावून सिग्नल पाठवतो, विजेची ओढ क्षणभर वाढते, बारीक लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोडेम रीस्टार्ट होतो. ओळखायची खूण अशी: डाउनलोड ठीक, पण मोठी फाइल अपलोडला लावली की डोंगल गायब होऊन थोड्या वेळाने परत दिसतो. स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब आणि आखूड जाड केबल, एवढ्याने बहुधा काम होतं.

कायमच्या जोडणीसाठी आमचं मत स्पष्टपणे राउटरच्या बाजूने आहे, आणि कारण केबलचं. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत, इथरनेटची १०० मीटरपर्यंत. अँटेनाची बारीक केबल तर १ गिगाहर्ट्झच्या आसपास मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. म्हणून अँटेनाची केबल लांबवू नका. राउटरच खिडकीत किंवा गच्चीखाली न्या आणि तिथून इथरनेट ओढा. जागा ठरवताना दांड्या मोजू नका, राउटरच्या पानावरचे आकडे बघा. आरएसआरपी (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) उणे ९० च्या वर चांगला, उणे ११० च्या खाली काम कठीण. एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) शून्याखाली गेला तर दांड्या पूर्ण दिसूनही वेग मिळत नाही. बाहेरचा अँटेना लावायचा तर राउटरच्या दोन्ही अँटेना-जोडण्यांना लावा. एकच लावलात तर मायमोचा (अनेक अँटेनांवरून एकाच वेळी डेटा नेण्याच्या तंत्राचा) फायदा हातचा जातो.

खिशातला बॅटरीवाला हॉटस्पॉट राउटरच्या जागी कायम चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते.

आतलं एम.२ कार्ड सतत फिरणाऱ्यांसाठी. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: बी-की खाच (मोडेम कार्ड बसायची एम.२ जागा) आहे का, अँटेनाच्या तारा आधीच घातलेल्या आहेत का आणि बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) परकं कार्ड नाकारत तर नाही ना. तारा नसतील तर हा नाद सोडा.

जुना ३जी डोंगल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, बऱ्याच देशांत ते नेटवर्कच बंद झालंय. नव्या उपकरणातही तुमच्या मोबाइल कंपनीचे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) आहेत का ते बघून घ्या.

रेंज आहे पण पान उघडत नसेल, तर मोडेमला AT+CEREG? (एटी+सीईआरईजी, नोंदणीची स्थिती विचारणारी आज्ञा) विचारा. उत्तरातला दुसरा आकडा १ किंवा ५ असेल तर नोंदणी झालेली आहे, आणि दोष बहुधा एपीएनमध्ये (मोडेमच्या सेटिंगमध्ये भरायचं कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) आहे. ३ आला तर नेटवर्कने नोंदणी नाकारली.

मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो कंपनीच्या आतला पत्ता आहे, सार्वजनिक नाही; बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचता येणार नाही, मग चारपैकी कुठलंही उपकरण घ्या. त्यासाठी आतून बाहेर व्हीपीएन जोडा किंवा कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा.