शिसव म्हणून घेतलं आणि तोंडावर पाणी उडालं

आधीच सांगतो, यात माझीपण चूक आहे. मी पेशानं अकाउंटंट, दिवसभर लोकांच्या मागं "बिल कुठाय, बिल आणा" म्हणून लागतो आणि स्वतः बेळगावजवळ पीरनवाडीच्या पुढं रस्त्याकडेला एका टेम्पोच्या मागं उभा राहून बिनबिलाचा साडेएकोणीस हजारांचा माल घेऊन आलो.

लेथचा, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राचा, नाद तीन वर्षांचा. लहानपणी आंबोलीवरनं सावंतवाडीला गेलो की चितारआळीतली लाकडी फळं घ्यायचो, ते डोक्यात बसलेलं. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधनं लेथ करून घेतला, १ एचपी मोटर, १२ इंचाचं भांडं फिरेल एवढा, तो झकास चालतो. अनगोळात घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी बसतो, आंबा, फणस, जांभूळ, कुठं झाड पडलं की तिथनं तुकडा मागून आणायचा. ताजं ओलं लाकूड कातायला खरं तर जास्त मजा येते, लांब लांब छिलके निघतात, धूळ नाही, फक्त जाडी ठेवायची, १० इंचाच्या भांड्याला साधारण १ इंच, मग तरुण भारतच्या जुन्या अंकात गुंडाळून पाच-सहा महिने कपाटावर, काय वाकायचं ते वाकू दे, मग परत चकात (लेथवर लाकूड पकडायचा जबडा) धरून फायनल करायचं. म्हणजे ओलं आणि वाळलेलं यातला फरक मला कळत नव्हता असं अजिबात नाही, म्हणूनच जास्त चिडतो.

नोव्हेंबरात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले. शिसवीचे गोल ओंडके, दोन्ही तोंडांना मस्त जाड मेण लावलेलं, आणि शेजारी एचएसएस (हाय स्पीड स्टील, धार जास्त टिकणारं पोलाद) पटाशांचा सेट. फोन केला तर माणूस खानापूर साईडचा, बोलायला एकदम गोड. म्हणाला आजोबांच्या रानातलं झाड, सहा वर्षांपूर्वी पावसात पडलं, तेव्हापासनं गोठ्यात वाळूलालंय. "वखारीत जाऊ नका दादा, तिथं कन्नडमधनं बोलून गंडवतील. आपण मराठी माणसं, आपल्या माणसाला मी फसवीन काय?" इथं राहणाऱ्याला हे वाक्य कुठं जाऊन लागतं ते सांगायला नको. मी पास विचारला. शिसव स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला परवानगी आणि वाहतुकीला वनखात्याचा पास लागतो, एवढं मला माहीत होतं. म्हणाला, "हाय की, घरात हाय, व्हॉट्सॲपवर टाकतो रात्री."

ताणकाट्यानं एकेक ओंडका उचलून वजन केलं आणि खडूनं त्यावर आकडा टाकला. ११ ओंडके, ४२ किलो, किलोला ३५०, म्हणजे १४,७००. पटाशा चार, ४,८००. वजनाला लाकूड शिसवीसारखंच जड लागत होतं. आता कळतं की शिसव जड असतेच पण पाण्यानं भरलेलं कुठलंही लाकूड जडच असतं, आणि मी पाणी किलोवर विकत घेऊलालो होतो. दुसरं म्हणजे गाभ्यासकट गोल ओंडका सहा वर्षं वाळला तर त्याला चिरा पडल्याशिवाय राहत नाहीत, आणि या अकरापैकी एकालाही केसाएवढी चीर नव्हती. मेण चिरा पडू नयेत म्हणूनच लावतात, त्यामुळे मला वाटलं वा, काय जाणकार माणूस आहे. खरं त्या मेणाखाली लाकडाचं तोंड झाकलेलं होतं, रंग, गाभा, काहीच दिसत नव्हतं, आणि मी नखानंसुद्धा खरवडलं नाही.

रविवारी पहिला ओंडका लावला. पहिले छिलके चॉकलेटी निघाले, मी खूश. मग गालावर काहीतरी गार उडालं. पुसलं तर पाणी. फिरत्या लाकडातनं बारीक तुषार उडत होते, सहा वर्षं वाळलेल्या! वासही आंबूस, शिसवीला कापताना गोडसर वास येतो तो कुठंच नाही. अजून दोन हात मारले आणि चॉकलेटीच्या खाली पिवळट पांढरं दिसायला लागलं. वरचा रंग चार मिलिमीटर पण नव्हता. शिसवीला पांढरी साल-बाजू असते पण ती बाहेर, काळपट गाभा आत, इथं सगळं उलटं. लेथ बंद केला, तळवे बघितले तर तपकिरी झालेले. बायको म्हणाली, "अहो, हात कशात बुडवून आलात?" चार दिवस ऑफिसात हात खिशात घालून फिरलो.

पटाशांचं थोडक्यात सांगतो. दोन मिनिटांत धार जायची म्हणून मित्राच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर धरल्या. एचएसएसच्या ठिणग्या तांबूस, मंद आणि थोड्या पडतात, माझ्या पटाशांतनं दिवाळीच्या फुलबाजीसारख्या पांढऱ्या-पिवळ्या चांदण्या उडाल्या. साधं कार्बन स्टील, वर एचएसएस शिक्का मारलेला. टोक निळं पडलं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.

फोन केला. तोवर दादा-तुम्ही करणारा माणूस त्या दिवशी तू वर आला. "एखादा तुकडा चुकून आला असंल, बाकी शिसवच हाय. पास कुठाय तुझ्याकडं? बिनापासाची शिसव घरात ठेवूलाल्यास, जा की पोलिसात, तूच आत जाशील."

इथं मी गार पडलो. अकरातला एक खोटा निघाला, उरलेल्या दहातले दोन-तीन खरे असले तर? पाच मिनिटांचं काम होतं, चाकूनं मेण खरवडायचं आणि बघायचं, पण ते मी अडीच महिने केलं नाही, कारण खोटं निघालं तर पैसे गेले आणि खरं निघालं तर मी गुन्हेगार. सगळे ओंडके गोणपाटाखाली ढकलले. बेल वाजली की आधी शेडकडं बघायचो. नंतर कळलं की निपाणीचा एक आणि चंदगडचा एक, दोघं असेच फसून गप्प बसले होते, याच एका वाक्यावर. त्याचा धंदा लाकडावर कमी आणि या भीतीवर जास्त चालतो.

फेब्रुवारीत दरवाजा बसवायला एक वयस्क मेस्त्री आले, कन्नड बोलणारे, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. फळी शोधत शेडमध्ये गेले आणि गोणपाट उचललं. मी घाईघाईनं म्हटलं, "मेस्त्री, ते राहू द्या." त्यांनी ओंडका हातात घेतला, पटाशीच्या टोकानं मेण उडवलं, वास घेतला आणि हसले. "इदु बीटे अल्ल री. आकेशिया हाय, फॉरेस्टवाल्यांनी लावतात की, तसलं." बीटे म्हणजे शिसव, ही शिसव नव्हे म्हणाले. मग त्यांनी एकेक करून दहाही ओंडक्यांची मेणं उडवली, माझ्या चेहऱ्याकडं बघून असेल, कारण त्यांना काही गरज नव्हती. दहाही आकेशिया. चहा पिताना मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "आधी इचारायचं होतं की." मी काय बोलणार, वखारीतले लोक गंडवतात म्हणून तर विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी फोन लावला, यावेळी शांतपणे. दोन वाक्यं ऐकून त्यानं कट केला, मग स्विच ऑफ. ग्रुपवरनं पण गायब. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार देऊन पोच घेतली, फोनपेच्या पावतीसकट, पैसे अजून आलेले नाहीत. माझ्यानंतर निपाणीवाल्यानं पण दिली. चंदगडवाला मात्र अजून मेण खरवडायला तयार नाही, मी दोनदा सांगितलं, म्हणतो बघू की.

त्यातलाच एक ओंडका मी काट्याजवळ ठेवलाय. खडूचा ३.४ अजून दिसतो. फेब्रुवारीत २ किलो ९०० होता, काल २ किलो ३०० भरला. अजून उतरूलालाय.