केआय-६७ घ्यावं की ई-कॅडहेरिन? तोंडाच्या कॅन्सरसाठी मार्कर निवडताना

लातूर-नांदेडकडच्या छोट्या लॅबमध्ये तोंडाच्या कॅन्सरसाठी आयएचसी (अँटीबॉडीनं पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) सुरू करायचं ठरलं, की गाडी शेवटी दोन मार्करवर येऊन थांबते: केआय-६७, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन, आणि ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं प्रथिन. पी१६चा, म्हणजे एचपीव्ही विषाणूची खूण देणाऱ्या मार्करचा, नाद सोडा. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये त्याला वजन आहे; आपल्याकडचा गाल-हिरडीचा आजार गुटखा-तंबाखूचा, तिथं ते फारसं कामाचं नाही. पी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन तंबाखूवाल्यांत इतक्या जणांचं बिघडलेलं असतं, की या पेशंटचं बरं जाईल आणि त्याचं नाही, हे त्यावरून सांगणं कठीण.

केआय-६७ची अँटीबॉडी स्तनाच्या कॅन्सरसाठी बहुधा आधीच फ्रिजमध्ये असते, त्यामुळे वेगळा खर्च नाही. रंगही ठळक उठतो. वैताग येतो तो रंगलेल्या पेशींची टक्केवारी मोजताना. आपल्याकडचे बरेच ट्यूमर वेल डिफरन्शिएटेड, म्हणजे मूळ पेशींशी बरंच साम्य राखून असलेले. पेशींच्या पुंजक्याच्या कडेचे एक-दोन थर तपकिरी, मधले केराटिन पर्ल (केराटिनचे गोल थर) कोरे. कड धरून मोजा, आकडा चढतो. अख्खा पुंजका धरा, उतरतो. त्यात मध्येच घुसलेले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) रंग घेऊन बसलेले, तेही नकळत मोजले जातात. हॉटस्पॉट (सर्वांत जास्त रंगलेली जागा) घ्यायचा की सरासरी, यावर आम्ही दोघे सहकारी एकाच स्लाईडवरून हुज्जत घालायचो, आणि चूक कुणाचीच नसायची. एवढं करून टक्केवारी लिहिली की सर्जनचा फोन: "सर, हे जास्त म्हणायचं का कमी?" तोंडाच्या कॅन्सरला सर्वमान्य कट-ऑफच (जास्त-कमीची सीमारेषा) नाही, तर काय सांगणार?

ई-कॅडहेरिनला ही मोजदाद नाही. पेशींच्या कडेनं मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ट्यूमर खोल शिरतोय त्या टोकाला ती शाबूत आहे की विस्कटलीय, एवढंच बघायचं. विस्कटलेली असली तर मानेच्या गाठींत आजार असण्याची शक्यता जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शिवाय त्याच स्लाईडवर निरोगी म्युकोसाचा (तोंडाच्या आतल्या अस्तराचा) तुकडा असला तर तिथंही जाळी उठायला हवी; नाही उठली तर स्टेनिंगच फसलं. तालुक्याहून कधी जेमतेम फॉर्मॅलिनमध्ये, कधी चक्क सलाईनमध्ये सँपल येतं, तेव्हा हा आधार फार मोठा वाटतो.

अर्थात, इमेज मोजणारं सॉफ्टवेअर आणि हाताशी रेसिडेंट असतील त्यांचं केआय-६७बद्दलचं मत वेगळं असू शकतं. आणि दोन्हींपैकी काहीही लावा, २०१८ पासून टी-स्टेजमध्ये (मूळ ट्यूमरच्या टप्प्यात) आलेली डेप्थ ऑफ इन्व्हेजन, म्हणजे ट्यूमर किती खोल शिरलाय ते माप, आधी नीट मोजलेली हवी. तिची जागा कोणतीच अँटीबॉडी घेत नाही.

ई-कॅडहेरिनची एक अडचण आहेच. पंच बायॉप्सीत, म्हणजे वरवर काढलेल्या छोट्या तुकड्यात, ते खोल टोक सहसा येत नाही, ऑपरेशनचा नमुनाच लागतो. पेशंटचं ऑपरेशन बार्शीला किंवा संभाजीनगरला झालेलं असतं आणि ब्लॉकही (मेणात बसवलेला नमुन्याचा तुकडा) तिकडेच. मागवताना नुसतं 'ट्यूमरचा ब्लॉक' लिहू नका. 'सर्वांत खोल भागाचा ब्लॉक, शक्यतो शेजारच्या म्युकोसासह' असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहा.