मेड स्कूलच्या सेकंडरी एस्सेसाठी एडिटिंग पॅकेज घेतलं होतं, त्याचा अनुभव

2024 च्या उन्हाळ्यात लेकीच्या मेड स्कूल सेकंडरीसाठी (इथे अमेरिकेत मेडिकल कॉलेजच्या अर्जाचा दुसरा टप्पा) आम्ही एक ऑनलाइन एस्से एडिटिंग सर्व्हिस घेतली होती. दहा स्कूल्सचं पॅकेज, 2,200 डॉलर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नंतर दोन मैत्रिणींशी बोलले तर त्यांनी घेतलेल्या वेगळ्या सर्व्हिसेसचा अनुभव पण थोड्याफार फरकाने असाच निघाला. मला सांगायचंय ते एवढंच की या पॅकेजमधला एक भाग खरंच पैसे देण्यासारखा होता आणि बाकीचा नव्हता, आणि कुठला कुठला हे आधी कळलं असतं तर आमचे पैसे आणि लेकीची झोप दोन्ही वाचलं असतं.

ज्यांची मुलं अजून हायस्कूलला आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एमकॅस म्हणजे मेड स्कूल्सची सामाईक अर्ज सेवा, तिचा प्रायमरी अर्ज सगळ्या स्कूल्सना एकच जातो, त्यात पर्सनल स्टेटमेंट 5,300 कॅरेक्टरचं. तो अर्ज पोचला की प्रत्येक स्कूल आपापले प्रश्न पाठवतं, ती सेकंडरी. आमच्याच स्कूलला का यायचंय, तुम्ही इथे काय वेगळं घेऊन याल, एखादं अपयश सांगा, गॅप इयरमध्ये काय करताय, असे प्रश्न, कुठे 200 शब्द, कुठे 1,000 कॅरेक्टर आणि तेही काही पोर्टलवर स्पेससकट मोजतात. बरीच स्कूल्स फारशी चाळणी न लावताच सेकंडरी पाठवतात त्यामुळे ईमेल आला म्हणून हुरळून जायचं नाही, फी मात्र प्रत्येकाची वेगळी, बहुतेक ठिकाणी 100 डॉलरच्या आगेमागे. आणि साधारण दोन आठवड्यांत परत पाठवायचं असं सगळेच मानतात. लेकीने 22 ठिकाणी अर्ज केला होता, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच 14 ईमेल आले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या घाईत पॅकेज घेतलं.

आधी चांगलं सांगते. पॅकेजच्या सुरुवातीला एक तासाचं झूम सेशन होतं आणि ते अप्रतिम होतं. ज्या बाई होत्या त्यांनी त्या तासात एक वाक्यसुद्धा लिहिलं नाही, फक्त प्रश्न विचारले. तू कधी मत बदललंस, कोणाला तुझा राग आला होता, कामावर असताना कुठल्या दिवशी उशिरा घरी गेलीस आणि का. लेक नर्सिंग होममध्ये सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून काम करायची, तिथली एक गोष्ट तिने कधी घरी पण सांगितली नव्हती ती त्या दिवशी बाहेर आली. एक आजोबा जेवायचे बंद झाले होते, सगळे डिप्रेशन म्हणत होते, आणि हिच्या लक्षात आलं की डायनिंग हॉलमध्ये त्यांची जागा बदलल्यापासून हे सुरू झालंय, आधी ते खिडकीजवळ एका मित्रासोबत बसायचे. जागा परत मिळाली, हळूहळू जेवायला लागले. त्या बाईंनी अशा अकरा गोष्टींची एक शीट करून दिली, प्रत्येकीपुढे ही कुठल्या कुठल्या प्रश्नाला चालेल ते. पुढचे दोन महिने आमचं सगळं घर त्या शीटवर चाललं असं म्हटलं तरी चालेल.

आणखी एक, डायव्हर्सिटीच्या, म्हणजे इथे काय वेगळं घेऊन याल या प्रश्नाबद्दल त्यांनी फार नीट समजावलं. जून 2023 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, प्रवेश देताना वंश हा निकष म्हणून वापरता येणार नाही असा, पण त्याच निकालात असंही आहे की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार लिहू शकतो, फक्त ते त्याच्या स्वतःच्या गुणांशी किंवा कुवतीशी जोडलेलं पाहिजे. म्हणजे आम्ही भारतीय आहोत, दिवाळी करतो, एवढं लिहून काही होत नाही, त्यातून तू काय करायला शिकलीस ते आलं पाहिजे. हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आता एडिटिंग. ते त्या बाई करत नाहीत, दुसरे लोक करतात, हे आम्हाला पैसे भरल्यावर कळलं. 48 तासांत परत देऊ म्हणाले होते, जुलैच्या मधल्या आठवड्यात पाच पाच दिवस लागायला लागले, आणि दोन आठवड्यांची मुदत असताना पाच दिवस म्हणजे काय होतं विचार करा. पण उशीर मी एकवेळ सोडून देईन. खरा त्रास मजकुराचा झाला.

लेकीने डायव्हर्सिटीच्या एस्सेत माझ्याबद्दल लिहिलं होतं. मी 2002 ला एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी असून तेरा वर्षं नोकरी करता येत नव्हती. मे 2015 मध्ये नियम बदलला, ज्यांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय अशांच्या एच-फोरवरच्या नवऱ्याला किंवा बायकोला वर्क परमिट मिळायला लागलं. लेक तेव्हा बारा वर्षांची. तिने लिहिलं होतं की वर्क परमिटचं कार्ड आलं त्या दिवशी आई पाकीट घेऊन घरात आलीच नाही, टपालाच्या पेटीपाशी उभी राहूनच फोडलं. आणि मग तिने पुढे लिहिलं होतं की फ्री क्लिनिकमध्ये ती फॉर्म भरून घ्यायची तेव्हा व्यवसायाच्या चौकटीत किती बायका काहीच नाही असं लिहायच्या, आणि ती प्रत्येकीला विचारायची की इकडे यायच्या आधी काय करायचात. एक बाई वीस वर्षं नर्स होत्या. तिने डॉक्टरना सुचवलं की या बाईंना औषधं एरवी सांगता तशी न सांगता एका नर्सला सांगावीत तशी सांगा.

मला हे काहीच माहीत नव्हतं. ती पाकिटाची गोष्ट तिने पाहिली होती हेसुद्धा माहीत नव्हतं. मी वाचलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

एडिटरकडून हा एस्से परत आला तेव्हा त्यात एच-फोर नव्हतं, पाकीट नव्हतं, ती चौकट पण नव्हती. कमेंटमध्ये होतं की व्हिसाचं ॲडमिशन कमिटीला कळणार नाही. आणि त्याऐवजी काय घातलं होतं, तर आईवडिलांना दोन वेळचं जेवण ताटात आणण्यासाठी झगडताना पाहत मी मोठी झाले. आमच्या घरात अन्नाची ददात कधीच नव्हती, नवऱ्याला पहिल्या दिवसापासून चांगली नोकरी होती. पदरचं घालून लिहिलं होतं सगळं. इंग्रजी सुंदर होतं, वाक्यं गुळगुळीत होती, पण ते आमचं घर नव्हतं, कोणाचंतरी भलत्याचंच होतं. शिवाय अर्ज पाठवताना मजकूर माझा स्वतःचा आहे आणि खरा आहे असं मुलं लिहून देतात. एमकॅसच्या नियमात एआयची मदतसुद्धा सुचण्यापुरती, तपासण्यापुरती चालते पण शेवटचा मजकूर अर्जदाराचाच असला पाहिजे असं आहे, मग माणसाने रचून दिलेलं खोटं कसं चालेल? लेक आधी म्हणाली ते प्रोफेशनल आहेत, त्यांना जास्त कळत असेल. एकवीस वर्षांच्या मुलीला भरलेल्या पैशाचं दडपण येतं हो, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी तिने स्वतःचाच मजकूर परत टाकला, फक्त सुरुवातीचं एक लांबलेलं वाक्य कापलं.

हाच एस्से पुढे इंटरव्ह्यूला आला. इंटरव्ह्यू घेणारे डॉक्टर त्या चौकटीबद्दलच दहा मिनिटं बोलत होते, तू आणखी कोणाला विचारलंस, त्या काय म्हणाल्या. सेकंडरीत लिहिलेलं काहीही समोर बसून विचारू शकतात हे लक्षात ठेवा, तिथे ती दोन वेळच्या जेवणाबद्दल काय बोलली असती?

आमचंच स्कूल का, या प्रश्नाला तर त्यांनी साचाच केला होता. प्रत्येक स्कूलला लवकर मिळणारा क्लिनिकल अनुभव, एकत्र काम करायचं वातावरण, समाजसेवा. हे कुठल्याही स्कूलला लागू पडतं. एका ड्राफ्टमध्ये तर भलत्याच स्कूलच्या स्टुडंट क्लिनिकचं नाव राहिलं होतं, रात्री पाठवायच्या आधी मी मोठ्याने वाचत होते म्हणून सापडलं, नाहीतर गेलंच असतं. यानंतर लेकीने हा प्रश्न पूर्ण स्वतःच्या हातात घेतला. ती स्कूलचा अभ्यासक्रम उघडून बसायची. ड्यूकला बेसिक सायन्सचं एकाच वर्षात उरकतात आणि तिसरं वर्ष रिसर्चला मोकळं ठेवतात. येलला सुरुवातीच्या वर्षांत ग्रेड नाहीत, रँक नाही, पण थीसिस सगळ्यांना सक्तीचा. रॉचेस्टरला जॉर्ज एंगल होते, आजाराकडे शरीर, मन आणि माणसाचं भोवताल असं तिन्ही धरून बघा हे त्यांनी 1977 ला मांडलं आणि तिथलं शिकवणं अजून त्यावर उभं आहे. आता त्या खिडकीजवळच्या आजोबांची गोष्ट रॉचेस्टरच्या एस्सेत किती चपखल बसते बघा, तीच येलला टाकली असती तर नुसती गोड गोष्ट झाली असती. हे जुळवणं तिलाच जमलं कारण दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात होत्या.

एडिटर लोकांचं सगळंच वाईट होतं असं नाही. अपयशाच्या प्रश्नावर एकाने चांगलं सांगितलं, की 200 शब्द असतील तर अपयश पहिल्या 40 मध्ये संपवायचं, उरलेल्यात पुढे काय केलंस ते. हिने ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या सी ग्रेडवर दीडशे शब्द रडगाणं लिहिलं होतं, ते त्यामुळे सुधारलं. व्याकरण, शब्दमर्यादा वगैरे पण नीट करून देतात, पण ते कॉलेजच्या रायटिंग सेंटरला फुकटात होतं, आणि तिच्या प्रीमेड ॲडव्हायजरने तर पास झाल्यावरसुद्धा दोन एस्से वाचून दिले.

खर्चाचं एक महत्त्वाचं. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीचा (एमकॅस चालवणारी मेडिकल कॉलेजेसची संघटना) फी असिस्टन्स प्रोग्रॅम आधी बघा, त्यात 20 स्कूल्सपर्यंत प्रायमरीची फी माफ होते आणि बरीच स्कूल्स सेकंडरीची पण सोडतात, पण तो प्रायमरी सबमिट करायच्या आधी मंजूर व्हावा लागतो, नंतर मागचे पैसे परत मिळत नाहीत.

आमचे सहा स्कूल्सचे एस्से झाल्यावर आम्ही थांबवलं. उरलेल्या चारचे पैसे मागितले, तीन आठवडे ईमेल केल्यावर अर्धे मिळाले. लेकीला ॲडमिशन मिळाली, पण ती सर्व्हिसमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही आणि सर्व्हिसशिवाय मिळाली असंही नाही, कारण ते सेशन नसतं तर आजोबांची गोष्ट बाहेर आलीच नसती.

सेशनला पाच स्टार, एडिटिंगला दोन, तेही त्या 40 शब्दांसाठी. आता त्यांच्याकडे नुसतं सेशन वेगळं पण मिळतं, 250 डॉलरला. घ्यायचं असेल तर मे-जूनमध्ये घ्या, एमकॅसकडून प्रायमरी व्हेरिफाय म्हणजे तपासून व्हायला गर्दीच्या दिवसांत महिना सहज जातो, तो वेळ रिकामा असतो आणि बऱ्याच स्कूल्सचे प्रश्न मागच्या वर्षीचेच थोडेफार बदलून येतात त्यामुळे लिहायला सुरुवात करता येते. जुलैत त्या बाई मिळत नाहीत.