सीए परीक्षेचा नवा पॅटर्न: पेपर कमी, वाचन जास्त

सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेची नवी योजना मे २०२४ पासून इंटर आणि फायनलला लागू झाली. दोन्हीकडे आठाचे सहा पेपर झाले, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तीनऐवजी दोन वर्षांची झाली. एवढ्यावरून परीक्षा सोपी झाली असं समजू नये. लिहिण्याचा भार उतरला, वाचनाचा आणि तारखांचा चढला.

सगळ्यात चांगला बदल म्हणजे तीन तासांच्या पेपरांत प्रत्येकी ३० गुणांचे एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० गुण आणि ग्रुपमधल्या सगळ्या पेपरांची मिळून सरासरी ५० टक्के लागते. तीसपैकी २४ मिळाले, तर पेपरच्या ४० गुणांसाठी वर्णनात्मक ७० मधले १६ पुरतात आणि ५० टक्के सरासरीच्या हिशेबाने २६. पण हे प्रश्न बहुतेक केस-सिनॅरिओवर असतात: आधी लांबलचक उतारा, मग त्यावर दोन-दोन गुणांचे प्रश्न. अकाउंट्स आणि कॉस्टिंगमध्ये दोन गुणांसाठी अख्खं गणित करावं लागतं आणि इथे स्टेप मार्किंग, म्हणजे अर्धवट गणिताच्या पायऱ्यांना गुण, नसतं. तीन तासांच्या पेपरात यांना ५० ते ५५ मिनिटं द्यावीत. अनेकांचे तिथेच सव्वा तास जातात आणि शेवटचा १४ गुणांचा प्रश्न अर्धवट राहतो. आधीची १५ मिनिटं वाचनासाठी मिळतात, ती सिनॅरिओवरच खर्च करा. एमसीक्यूची उत्तरं ओएमआरवरच, म्हणजे गोल काळे करायच्या वेगळ्या कागदावरच, भरायची. आतल्या पानांवर लिहिलेली एमसीक्यूची उत्तरं तपासली जात नाहीत.

फायनलचा सहावा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, चार तासांचा आणि ओपन बुक. पाचपैकी चार केस सोडवायच्या, म्हणजे एका केसला एक तास. पुस्तकांची पोतडी नेणाऱ्यांचं इथे हसं होतं, कारण एका केसमध्ये इंड एएस (हिशेबाची भारतीय मानकं), जीएसटी, ऑडिट असं सगळं मिसळलेलं असतं आणि शोधायला वेळच उरत नाही. टॅब लावलेली बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या मूळ मजकुराची पुस्तकं) आणि स्वतः केलेली विषयवार अनुक्रमणिका एवढं जवळ असलं तरी भागतं. कोणती केस सोडायची ते वाचनाच्या वेळेतच ठरवावं.

खरी गोची सेल्फ-पेस्ड मॉड्यूल्सची, म्हणजे आपल्या सोयीने ऑनलाइन शिकून परीक्षा द्यायच्या विषयांची. फायनलमधून वगळलेले कॉर्पोरेट लॉ आणि स्ट्रॅटेजिक कॉस्टिंग हे विषय आता सेट ए आणि सेट बी म्हणून ऑनलाइन आहेत. शिवाय सी आणि डी हे दोन सेट, त्यांतला विषय आपण निवडायचा. प्रत्येकात ५० टक्के हवेत आणि चारही सुटल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने अभ्यासाचे असतात, त्यांत हे सेट ढकलले की फायनलची रिव्हिजन बुडालीच. निदान ए आणि बी आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षात उरकावेत. ‘सेल्फ-पेस्ड’ या नावाखाली ही जबाबदारी सगळी विद्यार्थ्यावर टाकली आहे, ते मात्र पटत नाही.

२०२५ पासून फायनलही जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. अपयशानंतरची सहा महिन्यांची वाट संपली, हे उत्तम. पण ग्रुप सुटला नाही तरी एखाद्या पेपरात साठ गुण असले की मिळणारं एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा न देण्याची सूट, पुढच्या तीन अटेम्प्टपुरतं असतं, आणि ते अटेम्प्ट आता दीड वर्षाऐवजी वर्षातच संपतात. त्यानंतर ते कायमचं करून घेता येतं, मात्र मग त्या ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नव्हे, ५० लागतात. एखादा पेपर नेहमी पंचेचाळिशीत अडकत असेल, तर हा पर्याय घेऊ नये.